कॅरिकफर्गस ते होथ : पहिला मुक्काम स्ट्रँगफोर्डला ठेवू नका

आधी निकाल सांगतो. उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसहून डब्लिनजवळच्या होथपर्यंत शिडाच्या होडीने जायचं असेल तर जरूर जा, पण पहिला मुक्काम स्ट्रँगफोर्डच्या सरोवरात ठेवू नका, सरळ पुढचं आर्डग्लास बंदर गाठा. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. ज्याच्याकडून होडी भाड्याने घेतली तो तर म्हणाला, "कधीही शिरा, इंजिन आहे ना." त्याच्या शब्दावर विसंबलो आणि चौघांचे जीव टांगणीला लागले.

हाच मार्ग का, ते थोडक्यात. होथ हे डब्लिनला लागून असलेलं बंदर. तिथल्या हौशी मंडळींनी १८९८ साली पाच एकसारख्या होड्या बांधून घेतल्या. आराखडा त्यांच्यातल्याच वॉल्टर बॉइड यांचा, बांधणी कॅरिकफर्गसच्या जॉन हिल्डिच यांची. पाण्याच्या रेषेवर लांबी १७ फूट, म्हणून नाव होथ सेव्हन्टीन. होड्या तयार झाल्यावर त्या तिथून जवळजवळ ९० मैल शिडावर हाकत होथला आणल्या आणि ४ मे रोजी पहिली शर्यत लागली. सगळ्यांची होडी सारखी, म्हणजे पैशाच्या जोरावर जिंकायची सोय नाही, ज्याला वारा आणि पाणी कळतं तो पुढे. हा विचार डब्लिनच्याच परिसरात १८८७ साली वॉटर वॅग नावाच्या छोट्या होड्यांनी रुजवला होता. मी रत्नागिरीचा, गेली काही वर्षं डब्लिनमध्ये. होथच्या धक्क्यावर ही शिडं पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ठरवलं होतं की त्यांच्या वाटेने एकदा तरी यायचं.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॅरिकफर्गस उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येतं. डब्लिनहून रस्त्याने जाताना कोणी अडवत नाही, म्हणून बरेच जण तसेच जातात. आयर्लंडचं रहिवासी कार्ड तिथे चालत नाही, ब्रिटनचा व्हिसा लागतोच. तो काढूनच निघा. आणि तिथे पौंड लागतात, युरो नाही.

आता मुख्य गोष्ट. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे ऐन उधाण. या किनाऱ्यावर भरतीचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेला वाहतं. सकाळी सात वाजता निघालो असतो तर सहा तास पाण्याने ढकललं असतं आणि दुपारी दोनच्या सुमाराला स्ट्रँगफोर्डच्या तोंडाशी असतो. पण होडीवाल्याने ऐन वेळी वेगळा हिशेब काढला. ठरलेल्या भाड्यावर इंधनाचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, शिवाय होडी होथला सोडायची म्हणून आणखी १८० पौंड. आधी यातलं काहीही बोलला नव्हता. त्या वादात अडीच तास गेले. पैसे शेवटी दिलेच, पण गेलेलं पाणी परत मिळालं नाही. तेव्हा सगळा हिशेब आदल्या रात्री कागदावर घ्या. सकाळी धक्क्यावर कोणी नवा आकडा काढला तर वाद घालू नका. एक तर देऊन टाका, नाहीतर होडीच सोडून द्या.

डोनाघडीच्या सामुद्रधुनीतून पाण्याने छान ओढून नेलं. पुढे साउथ रॉक या खडकाच्या बाहेरून जा, आतून अजिबात नको. १७९७ साली बांधलेल्या जुन्या दीपगृहाचा मनोरा तिथे अजून उभा आहे, तो उजव्या हाताला लांब ठेवायचा.

स्ट्रँगफोर्डच्या तोंडाशी पोचलो साडेपाचला. आतलं सरोवर मोठं आणि समुद्राशी जोडणारा गळा चिंचोळा, आठेक किलोमीटर लांब. दर भरतीला सुमारे ३५ कोटी घनमीटर पाणी त्या गळ्यातून जातं. ओढ आठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी जवळजवळ पंधरा किलोमीटरपर्यंत पोचते. २००८ साली तिथे भरतीच्या ओढीवर वीज करणारी १.२ मेगावॅटची टर्बाइन बसवली होती, यावरून काय ते समजा. व्हायकिंगांनी नावच 'जोरदार फ्योर्ड' असं ठेवलं. सरोवर सावकाश भरतं, त्यामुळे बाहेर भरती संपली तरी गळ्यात दीड-दोन तास पाणी आतच जात राहतं. दोनला पोचलो असतो तर अलगद आत गेलो असतो. आम्ही पोचलो तेव्हा सगळं सरोवर बाहेर यायला निघालं होतं आणि समोरून आग्नेयेचा वारा त्या पाण्यावर आदळत होता.

इंजिन पूर्ण ताकदीने सोडलं. सपाट पाण्यावर पाच नॉट देणारं इंजिन ते. पहिली दहा मिनिटं काठाने सरकलो. मग रॉक अँगस या खडकाजवळ काठावरच्या एका पांढऱ्या घराकडे माझी नजर गेली. घराचं धुराडं आणि आमची डोलकाठीची तार एका रेषेत होती. काही वेळाने पाहिलं तर तशीच एका रेषेत. नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी फेसाळत होतं, इंजिन ओरडत होतं आणि होडी जागच्या जागी. "अरे, आपण मागे जातोय," मालवणचा मित्र म्हणाला. खरंच धुराडं तारेच्या पुढे सरकलं होतं. सुकाणू हातात जड झालं, मग एकदम हलकं, पाणी खालून फिरत होतं तसं. तोंड वळवायचं ठरवलं, तर होडी आडवी होताच एक लाट थेट मांडीवर आली. बाहेर पडताना तोंडाशी लाटा उभ्याच्या उभ्या होत्या, पुढे सरकत नव्हत्या, एका जागी उठून कोसळत होत्या. कोकणात खाडीच्या तोंडावरचं पाणी मी लहानपणापासून पाहिलंय, पण असं पाणी पाहिलं नव्हतं. दहा-बारा मिनिटं असतील ती. बायकोने दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं, तिची बोटं नंतर बराच वेळ सरळ होत नव्हती.

तिथून आर्डग्लास सातेक मैल. आठला पोचलो. छोटंसं बंदर, भरती-ओहोटी कुठलीही असो, आत जाता येतं. स्ट्रँगफोर्ड पाहायचंच असेल तर भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, वारा उत्तरेचा असताना आणि पाणी आत जात असताना जा. यातलं एक जरी चुकलं तरी नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून संध्याकाळी होथ. उजवीकडे मोर्नचे डोंगर, स्वच्छ ऊन, काही घडलं नाही. लॅम्बे बेटाजवळ शेवंडांच्या सापळ्यांचे बोये दाट आहेत, पंख्यात दोर अडकेल, एकाने पुढे बसून लक्ष ठेवा.

होथच्या तोंडाशी शर्यत सुरू होती. तीच लाकडी होडी, तेच चौकोनी शीड तिरप्या परबणीवर, म्हणजे शिडाच्या वरच्या दांड्यावर, ताणलेलं आणि त्याच्याही वर आणखी एक तिकोनी शीड. २०१८ च्या मार्चमधल्या वादळात शेडचं छप्पर कोसळून यातल्या सात होड्यांची मोडतोड झाली होती. त्या पुन्हा उभ्या केल्या, हे पाहून थकलेलं अंग विसरलो. आमच्या होडीपासून वीस फुटांवरून एक गेली. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या बाई शिडाकडे पाहत नव्हत्या, पाण्याकडे पाहत होत्या. त्याच बंदरात २६ जुलै १९१४ ला लेखक अर्स्किन चाइल्डर्स यांनी आपल्या ॲसगार्ड नौकेतून आयरिश स्वयंसेवक दलासाठी सुमारे ९०० रायफली उतरवल्या, तेव्हा सुकाणूवर त्यांची पत्नी मॉली होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एवढा समुद्र कापून! आमच्या अनुभवानंतर त्या वेळेचं मोल मला पहिल्यांदा नीट कळलं.

१९०५ ची ती नौका डब्लिनच्या कॉलिन्स बॅरक्स संग्रहालयात आहे, प्रवेश फुकट. होथहून डार्ट या लोकल गाडीने शहरात आणि पुढे लुआस ट्रॅमने तासाभरात पोचाल. तिच्या तळाशी उभे राहून वर बघा आणि मगच होडी भाड्याने घ्यायला निघा.