जुन्या फ्रीज-कुलरची तीन दुकाने : जळगाव, भुसावळ, धुळे

जुने फ्रीज, कुलर आणि वॉशिंग मशीन विकत घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा माझा व्यवसाय जळगावात आहे. रेल्वे, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि आयुध निर्माणी यांमुळे भुसावळात बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांची वर्दळ मोठी असते आणि त्यांच्याकडून चांगला माल मिळतो. म्हणून दुसरे दुकान तेथे आणि तिसरे धुळ्यात काढले.

राज्याच्या आणि केंद्राच्या कायद्यांची कागदपत्रे सर्वत्र सारखीच लागली. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दहापेक्षा कमी (2025 च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी) कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. या पावतीलाही आपल्याकडे सगळे गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवानाच, म्हणतात. जीएसटीचा क्रमांक राज्यभर एकच राहिला. नवी दुकाने त्यात अतिरिक्त जागा म्हणून 15 दिवसांच्या आत दाखवावी लागली. 4,000 रुपयांना घेतलेला फ्रीज 6,000 रुपयांना विकला, तर खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसल्यास कर फक्त वरच्या 2,000 रुपयांवर बसतो, ही जुन्या मालाची सवलतही तिन्ही ठिकाणी तीच आहे.

फरक पडला तो स्थानिक परवान्यात. अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवरील भुसावळात जळगावचेच कागद चालतील, असे कोणालाही वाटेल. परंतु जळगावात महानगरपालिका आहे, तर भुसावळात नगरपरिषद, आणि नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या स्वतंत्र अधिनियमाखाली चालतो. त्यामुळे अर्जाचा नमुना, शुल्क आणि पाहणीची पद्धत सगळेच बदलले. याउलट नव्वदेक किलोमीटरवरील धुळे, जळगावप्रमाणेच 2003 मध्ये महानगरपालिका झालेले असल्याने, तेथील परवान्याचा आधार ओळखीचा निघाला : 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 376, ज्याखाली काही व्यवसायांना आणि वस्तूंच्या साठ्याला पालिकेचा परवाना लागतो. शुल्क मात्र प्रत्येक महानगरपालिका स्वतः ठरवते. तयार फ्रीज विक्रीला ठेवण्याबद्दल कोठेही फारशी विचारपूस झाली नाही. गॅस भरण्याचे काम आणि मोडके सांगाडे कोठे ठेवणार, हे मात्र खोदून विचारले गेले, आणि ते मला रास्तच वाटले.

पोलिसांच्या बाबतीत चित्र नेमके उलटे झाले. खानदेशात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे जुन्या वस्तूंच्या खरेदीविषयी मनाई किंवा नोंदीचे आदेश निघतात ते जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात. त्या हिशेबाने भुसावळ आणि जळगाव एकाच जिल्ह्यात असल्याने एकाच छत्राखाली येतात, तर धुळे वेगळ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालील असे आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांपुरतेच लागू असल्याने, गेल्या वर्षी कोणाकडून ऐकलेल्या माहितीवर विसंबून उपयोग नसतो. मी प्रत्येक ठिकाणी पोलीस ठाण्यात जाऊन चालू आदेशाची चौकशी केली.

आदेश असो वा नसो, तिन्ही दुकानांत मी एकाच नमुन्याची खरेदी नोंदवही ठेवतो : विकणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, मोबाइल क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, किंमत आणि सही. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो ठेवून घेतल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 317 लागते, आणि ते पालिकेची हद्द पाहत नाही. काही विक्रेते ओळखपत्र मागितल्यावर रागावून निघून जातात. त्यांना मी थांबवत नाही.