लैला मुराद, १८/२७: म्हातारीच्या केसांपर्यंत

लैला मुराद या इजिप्तच्या गायिका-नटीचे सगळे २७ चित्रपट बघायचा माझा उपक्रम चालू आहे. गेल्या नोंदीत चौदावर अडकलो होतो. या दोन महिन्यांत चार झाले, म्हणजे २७ पैकी १८. नियम तेच: चित्रपट सालाप्रमाणे बघायचे, मधलं काही गाळायचं नाही, आणि गाण्याचे सूर वहीत उतरवल्याशिवाय पुढच्या चित्रपटाला हात लावायचा नाही. शेवटच्या नियमानंच घात केलाय, पण ते पुढे.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. लैला मुराद, जन्म १९१८, इजिप्तमधलं ज्यू घराणं. वडील झकी मुराद हे तिकडच्या संगीत रंगभूमीवरचे गायक नट. आपल्याकडे नाटक कंपन्यांचे दिवस होते, तसेच कैरोतही होते. पोरगी गाण्यातच वाढली, आणि १९३४ मध्ये तिथला सरकारी रेडिओ सुरू झाल्यावर तिथंही गाऊ लागली. १९३८ मध्ये गायक-नट मोहम्मद अब्दुल वहाबची नायिका म्हणून पडद्यावर आली ती ‘यह्या अल-होब्ब’मध्ये. तो चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. गळा तयार आहे, पण हातांचं काय करायचं हे बाईंना अजून कळलेलं नाही. गाणं संपलं की त्या अंग चोरून उभ्या राहतात.

हात सुटले ते पुढच्या पाच चित्रपटांत, तोगो मिझराहीच्या दिग्दर्शनाखाली. इथं एक चूक कबूल करायची आहे. त्यातल्या पहिल्याचं (१९३९) नाव मी वहीत ‘पावसाळी लैला’ असं लिहून ठेवलं होतं. ते ‘पावसाळी रात्र’ आहे! अरबीत रात्र म्हणजे ‘लैला’, नायिकेचं नावही ‘लैला’. लिहिताना फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. माझं अरबी वाचन तेव्हा पोस्टरवरची मोठी अक्षरं जुळवण्यापुरतंच होतं, त्यामुळे शेपूट दिसलंच नाही. नंतरच्या चार नावांत मात्र खरोखर तीच आहे: खेड्यातली लैला, शाळकरी लैला, नुसतीच ‘लैला’ (१९४२), अंधारातली लैला (१९४४). पुढे नट अन्वर वगदीनं हाच धागा उचलला. त्याचं पहिलं दिग्दर्शन ‘गरिबांची पोर लैला’, १९४५. त्याच सुमारास त्याचं आणि लैलाचं लग्न झालं. लगेच पुढच्या वर्षी ‘श्रीमंतांची पोर लैला’. नवऱ्याला धंदा कळत होता, एवढं नक्की.

आता या खेपेचे चार. ‘अल-हवा वल-शबाब’ आणि ‘अल-मग्नूना’ यांवर फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याची प्रत इतकी खरखरीत होती की अर्धे संवाद अंदाजानं घेतले. ‘अनबर’ (१९४८) मात्र चुकवू नका. त्यात चक्क स्वयंवर आहे. उमेदवार एकेक करून आपापली थोरवी गातात, त्यांत इस्माईल यासीन आणि शकूकू, आणि लैला एकेकाला सुरातच वाटेला लावते. विनोदी नटांच्या गर्दीत ती हरवत नाही. १९३८ मधली अंग चोरणारी मुलगी हीच का, असं वाटतं.

आणि अठरावा, ‘गझल अल-बनात’, १९४९. नावावर एक संध्याकाळ गेली. ‘गझ्ल’ म्हणजे सूतकताई, ‘गझल’ म्हणजे प्रेमाची लाडीगोडी (आपली गझल तिथलीच), आणि स्वरचिन्हं न देता लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात. वर ‘मुलींचं सूत’ हे तिकडे एका मिठाईचं नाव. कोणती, तर जत्रेत काडीवर गुलाबी ढग मिळतो ती. त्यांनी त्यात मुलींचं सूत पाहिलं, आपण म्हातारीचे केस!

गोष्ट अशी: शाळेतून काढून टाकलेला गरीब, वयस्क अरबीचा मास्तर पाशाच्या नापास झालेल्या मुलीला शिकवायला येतो आणि तिच्यावर जीव लावून बसतो. मास्तर झाला आहे नगीब अल-रिहानी. हा चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच, जून १९४९ मध्ये, तो गेला. ‘अबगद हव्वझ’ हे गाणं मुळाक्षरांच्या जुन्या क्रमावर बांधलेलं आहे. आपलं गमभनच म्हणा. मला तो क्रम कधी पाठ होत नव्हता, या गाण्यानं दोन दिवसांत झाला. अरबी शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो, म्हणून पुस्तकातलं ‘अबजद’ इथं ‘अबगद’.

पण खरं बघायचं ते शेवटाकडे. रात्री सगळे नट युसूफ वहबीच्या घरी पोचतात, वहबी स्वतःच्याच भूमिकेत. आतल्या दालनात अब्दुल वहाब, तोही स्वतः म्हणूनच, वाद्यवृंदासह ‘आशिक अल-रूह’ गातोय. मास्तर ऐकतो, त्याला आपलं काय होणार ते कळतं आणि डोळे भरून येतात. नवऱ्यानं काढलेल्या, तिच्याच नावावर चालणाऱ्या चित्रपटातलं सगळ्यात मोठं गाणं लैलाच्या वाट्याला नाही. ती नुसती ऐकते. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर बिचकत उभी होती त्याचंच गाणं, आणि आता किती निवांत ऐकते! सालाप्रमाणे बघायच्या हट्टाचं हे फळ. सुटं गाणं पाहिलं असतं तर हे ध्यानात आलं नसतं.

आता वहीचं. दोन अडचणी. पहिली सुराची. एकच गाणं दोन प्रतींत जवळजवळ एका पट्टीच्या फरकानं ऐकू येत होतं. मी आधी पेटीला दोष दिला, मग कानाला. दोष वेगाचा होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि तिकडचं दूरदर्शन प्रक्षेपण २५ चौकटींचं. तसाच चालवला की चार टक्के जलद धावतो आणि सूर पेटीच्या पाऊण पट्टीभर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बऱ्याच जवळ, वर चढतो. आता आधी वेग उतरवून घेतो, मगच लिहितो.

दुसरीला इलाज नाही. ‘कुर्द’ मकाम (मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा स्वरसाचा) स्वरांनी आपली भैरवीच, आणि ‘हिजाझ’चा खालचा तुकडा थेट भैरवचा, त्यामुळे ते पेटीवर छान बसतात. पण ‘रास्त’चा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध, आणि ‘बयाती’चा रिषभही तसाच. पेटीत तिथं पट्टीच नाही. भाच्याचं व्हायोलिन मागून आणलंय. घरातल्यांचं मत सध्या लिहिण्यासारखं नाही. तोवर ‘आना अल्बी दलीली’ घट्ट करतोय. ते संगीतकार कसबगीचं, तीनच्या झुलत्या ठेक्यातलं. इजिप्तची थोर गायिका उम कुलसूम हिच्या मागे उद (अरबी तंतुवाद्य) घेऊन बसणारा तोच हा कसबगी.

उरले नऊ. पुढचा १९५० चा ‘शाती अल-गराम’, मर्सा मत्रूहच्या किनाऱ्यावरचा. तिथल्या एका खडकाला अजून तिच्या नावानं ओळखतात. त्यानंतर १९५२ ची ती अफवा येते: तिनं इस्रायलला जाऊन पैसे दिले म्हणे. तिनं तोवर इस्लाम स्वीकारलेला होता, चौकशीत काहीही निघालं नाही, तरी सीरियानं तिच्यावर बंदी घातली. शेवटचा चित्रपट १९५५ चा. तेव्हा ती ३७ वर्षांची होती, आणि पुढे ४० वर्षं जगली. तो सत्ताविसावा मी डाउनलोड करून ठेवलाय, पण उघडलेला नाही. नियम म्हणजे नियम.

‘शाती अल-गराम’ची बरी प्रत कुणाकडे असेल तर सांगा. माझ्याकडच्या प्रतीत समुद्राचाच आवाज जास्त आहे.