शंभरावर नाही, एकशे अठरावर

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

रविवार असूनही आज दिवसभर नागपूरच्या इतवारीत, गोडाऊनमध्ये. उद्यापासून जीएसटीचे नवे दर. साबण आणि बिस्किटं १८ वरून थेट ५ टक्क्यांवर. जुना माल नव्या किमतीचं स्टिकर लावून ३१ डिसेंबरपर्यंत विकता येतो, म्हणून कंपनीने स्टिकरचे रोलच्या रोल पाठवलेत. मुनीमजींनी मला आणि हमालीवरच्या दोन पोट्ट्यांना खाली सतरंजीवर बसवलं. पहिले तीन बॉक्स मी फार सफाईने केले. जुन्या एमआरपीवर नवी एमआरपी, अगदी काठाला काठ. मुनीमजींनी चष्मा कपाळावर सरकवला, "अरे बेटा, ये क्या कर दिया." जुनी किंमत झाकायची नसते, दोन्ही दिसायला पाहिजेत. मग तीन बॉक्स नखाने सोलत बसले. स्टिकर निघालं तरी डिंक राहतोच, त्यावर गोडाऊनची धूळ बसते. रात्री वरण-भाताला मोगऱ्याचा वास येत होता.

बाबा हसले. ते अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटरचे अप्रेंटिस होते. "आम्ही सुरुवातीला नुसतं फाइल मारत होतो. तू स्टिकर लाव." आमच्या घरात अप्रेंटिस म्हणजे निळा ड्रेस आणि नखांत ग्रीस. मार्केटिंगचंही अप्रेंटिस असतं, कायदा तोच, १९६१चा, हे त्यांना अजून पटलेलं नाही. यूजीसीने २०२० मध्ये अशा डिग्रीची नियमावली काढली, पाचवं-सहावं सेमिस्टर कंपनीत, त्याचे क्रेडिट मिळतात, हे सगळं मी त्यांना दोनदा सांगितलंय. "म्हणजे सोमवार ते गुरुवार काम, शुक्रवार-शनिवार कॉलेज. मग अभ्यास कधी करते?" मी काही बोलले नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. आमच्या डिस्ट्रिब्युटर सेठजींच्या गादीला झेंडूचा हार. आज आमचं बीट, म्हणजे ऑर्डरीसाठी फिरायची दुकानं, जगनाडे चौक ते नंदनवन. सेल्समन दादाच्या गाडीवर मागे बसून निघाले. दादा या लाइनमध्ये चौदा वर्षं आहे. त्याच्याकडे एक्सेल नाही, वहीसुद्धा नाही, तरी कोणत्या दुकानात मागच्या महिन्यात काय उतरलं ते त्याला पाठ असतं. माझ्याकडे मात्र शीट होती. रात्री जागून केलेली. अठरातून पाच गेले, तेरा. म्हणजे माल तेरा टक्के स्वस्त. अकरा दुकानांत मी हे छातीठोकपणे सांगितलं. बारावं दुकान काकांचं.

काकांचं सांगायचं तर १ सप्टेंबरपासून सांगावं लागेल. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि त्या दिवसापासून बीटवर एकच शब्द ऐकू यायला लागला: "पाहू." कोणी माल घेईना. दहा दुकानं फिरली की दोन ऑर्डरी. त्या सोमवारी बारावर एक फ्रीची स्कीम नुकतीच सुटली होती. काकाही म्हणाले, "पाहू." दादा बाहेर गाडी लावत होता. मी एकटीच काउंटरवर. म्हटलं, "काका, दिवाळीला पुष्कळ वेळ आहे, तोपर्यंत तुमचा माल दोनदा संपेल." त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि ऑर्डर दिली. बिल ७,०८० रुपये. माझी पहिली मोठी ऑर्डर. ऑफिसच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. लॉगबुकमध्ये मी 'ग्राहकाच्या शंकेचे निरसन' असं लिहिलं होतं. आता ते पान उघडवत नाही.

३ तारखेच्या रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला. दिवाळी नाही, २२ सप्टेंबर. त्यात पितृपंधरवडा लागला, आणि गिऱ्हाईकही "नवा रेट लागू दे" म्हणायला लागलं.

तर आज. काकांनी माझं तेरा टक्के ऐकून घेतलं. मग अगरबत्तीच्या खोक्याचा एक पुठ्ठा टर्रकन फाडला, कानामागची पेन्सिल काढली. "पोरी, साबण शंभराचा असन तं त्याच्यात टॅक्स धरलेला असते ना? मूळ किंमत शंभर, त्याच्यावर अठरा, झाले एकशे अठरा. आता एकशे पाच. तेरा कमी झाले ते शंभरावर नाही, एकशे अठरावर." पुठ्ठ्यावर भागाकार मांडला, जुन्या पद्धतीचा, खाली खाली उतरत जाणारा. "अकरा टक्के. शंभराचा साबण सत्त्याऐंशीले नाही येत, एकोणनव्वदले येते. तू लोकायले सत्त्याऐंशी सांगून राहिली काय?"

सांगून राहिले होते. अकरा दुकानांत.

मग ते स्टुलावर चढले आणि फळीवरचा माल मोजायला लागले. मी खाली उभी राहून लिहून घेत होते. १ तारखेचा माल अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. खरेदीच्या भावाने ४,१३०. तोच माल आजच्या भावाने ३,६७५. पुठ्ठ्यावर ४५५ लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. "मी काही जीएसटीत नाही. मोठ्या दुकानदाराले भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट भेटते, मले काय भेटते? भरला तो गेला." आवाज चढवला नाही. उलट पोराला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. पाणी पिताना म्हणाले, "तूच म्हणाली होती ना, पुष्कळ वेळ आहे."

साबण-बिस्किटांवर त्यांना शेकडा आठ-दहा सुटतात. ४५५ कमवायला किती माल विकावा लागेल, ते मी गाडीवर बसल्या बसल्या काढत होते. दादा म्हणाला, "होते असं." थोडं पुढे गेल्यावर गाडी वळवली. "चाल, आता अकराही दुकानांत परत जाऊ."

गेलो. दोघं हसले. एकाने सकाळीच हिशोब केला होता, मला फक्त बोलू दिलं होतं. एका वहिनींनी विचारलं, "मग पाचवाल्या पुड्याचं कसं?" त्याचं गणित ४ रुपये ४५ पैसे येतं. एवढी चिल्लर कोण देणार? पाचचा पुडा पाचचाच राहणार, आत बिस्किटं थोडी वाढणार.

गुरुवार, २५ सप्टेंबर

तीन दिवस धीर होत नव्हता, आज सेठजींना विचारलं. ते म्हणाले, "गोडाऊन का स्टॉक कंपनी देखेगी. दुकान की फळी का माल दुकानदार का." बरोबरच आहे. बिल झालं, माल उतरला, आमच्या शीटमधून ती ओळ गेली. पण सेठजी गल्ला मोजता मोजता थांबले. "माल किसने डाला था?" मी म्हटलं, मी. परत मोजायला लागले. चहा आला, संपला. मग म्हणाले, "दो सौ का माल फ्री में डाल दे. कंपनी के नहीं, मेरे खाते में लिख."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

कॉलेज. वर्गात नेमकं प्रायसिंग. मॅडमनी मॅकार्थीचे १९६०चे चार पी पुन्हा फळ्यावर लिहिले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. म्हणाल्या, यातला प्राइस हा एकच पी पैसा आणतो, बाकीचे तिन्ही खर्च करवतात. पोरांनी लिहून घेतलं, मीही घेतलं. मग हात वर करून विचारलं, "मॅडम, विकलेला पण दुकानदाराच्या फळीवर पडून असलेला माल कोणत्या पीमध्ये येतो?" त्या म्हणाल्या, चॅनल, माल गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणारी साखळी, म्हणजे प्लेस. आणि मग स्वतःच थांबल्या. "पैसा तुमच्याकडे आलाय, किंमत अजून त्याच्याकडे अडकलीय, असंच ना?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "परीक्षेला येणार काय मॅडम?" तास संपला.

लॉगबुक दाखवायला थांबले. 'आज काय शिकलात' या रकान्याला चार ओळींची जागा असते, इतर वेळी मला त्याही भरता येत नाहीत. २२ तारखेच्या पानावर मी काही लिहिलं नव्हतं, काकांचा पुठ्ठा चिकटवला होता. अगरबत्तीचा वास येतो अजून. मॅडमनी भागाकार बोट ठेवून तपासला, सही केली. म्हणाल्या, "याला परिशिष्ट क्रमांक दे. नुसतं चिकटवून बाहेरचे परीक्षक ऐकत नाहीत."

सोमवार, २९ सप्टेंबर

पुन्हा नंदनवन. दोनशेचा फ्री माल घेऊन मीच गेले, दादा मुद्दाम बाहेर थांबला. काकांनी साबण मोजून घेतले, वहीत मांडले. उरलेल्या अडीचशेचं काही बोलले नाहीत. ऑर्डर दिली, ६३० रुपयांची, फक्त बिस्किटं. स्कीम मी सांगायच्या आत म्हणाले, "स्कीम-बिम राहू दे."

निघताना हाक मारली. "आन तो पुठ्ठा कुठं हाय? तू घेऊन गेली होती ना?"

म्हटलं, हो, कॉलेजच्या वहीत लावलाय, मॅडमनी सही केलीय त्यावर.

"सही गेली खड्ड्यात. त्याच्या मांगं माझी उधारी लिहिली होती."

आता रात्रीचे साडेदहा. वाफेवर धरून बघतेय. एक कोपरा सुटलाय, तिथे ३४० एवढं दिसतंय, पुढचं नाव डिंकात आहे.