'आज तरी' मधला 'तरी' : लेकीच्या दहावीच्या इंग्रजीचा माझा अनुभव

"उत्तर उताऱ्यातच असतं, फक्त ओळ शोधता आली पाहिजे." माझ्या लेकीच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या उताऱ्यांसाठी हे वाक्य तिला आठवीपासून ऐकवलं गेलं. या एका वाक्यानं आमचे दहावीचे चार महिने खाल्ले. पोरगी आता अकरावीत गेली, तरी हे वाक्य कुठं कानावर पडलं की माझं डोकं अजून तापतं. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याहून 14 किलोमीटरवर. लेक मुलींसाठीच्या मानव विकासच्या सरकारी बसनं शाळेत जायची आणि शाळा सुटल्यावर तिथंच क्लास करून संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. मी बारावी आर्ट्स. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज-फ्रॉक शिवते, कापसाच्या दिवसांत वेचायला जाते. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण डिक्शनरी घेऊन सावकाश बसले की वाचलेलं समजतं. हे आधीच सांगते, कारण 'आपल्याले इंग्रजी येत नाई, आपण काय शिकवणार' म्हणणाऱ्या आया माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

पेपरचं थोडक्यात सांगते. मराठी माध्यमाला इंग्रजी तृतीय भाषा असते. लेखी कृतिपत्रिका 80 मार्कांची आणि तोंडी 20. लेखीत पुस्तकातले दोन उतारे आणि एक अनसीन, म्हणजे पुस्तकाबाहेरचा, प्रत्येकी 10 मार्क, म्हणजे 80 पैकी 30 नुसत्या उताऱ्यांचे. प्रत्येक उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा दोन-दोन मार्कांच्या पाच कृती, म्हणजे प्रश्न. ए-वन सोपी असते, ओळ सापडली की झालं. ए-टू त्याहून खोल. मग शब्द, मग व्याकरण, आणि शेवटी स्वतःचं मत. व्याकरण, पत्र, भाषांतर हे सगळं लेकीनं पाठांतरानं आणि सरावानं बसवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुस्तकातले उतारेही पाठ झाले होते. अडलं ते अनसीनमध्ये.

दिवाळीच्या आधी क्लासमध्ये चाचणी झाली. उतारा साधा होता. एक म्हातारा संध्याकाळी टेबलावर दोन कप मांडतो, रेडिओ लावतो, खिडकीतून रस्ता बघतो. बाहेर बस स्टॉपवर चार माणसं गाडीची वाट पाहत उभी आहेत. अंधार पडतो. म्हातारा रेडिओ बंद करतो. आणि शेवटची ओळ, 'ही वॉश्ड द सेकंड कप, दो नो वन हॅड यूज्ड इट.' खाली प्रश्न होता की म्हातारा कोणाची तरी वाट पाहत होता हे तुम्हाला कशावरून वाटतं.

माझ्या लेकीनं प्रश्नातला 'वेटिंग' शब्द पकडला, उताऱ्यात तो शब्द हुडकला आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवली. ओळ होती बस स्टॉपवरच्या माणसांची. दोनपैकी शून्य.

मी विचारलं, "अवो, हा म्हातारा कुठी आहे याच्यात?" तर म्हणे, "आई, म्हाताऱ्याचं कुठीच लिहेल नाई ना. 'वेटिंग' तं इथंच लिहेल हाय." तिची चूक नव्हती. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं नेमकं केलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात कापूस विकायला तालुक्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम क्लासमध्ये जाऊन आले. सरांना पेपर दाखवला. ते म्हणाले, "ताई, असे प्रश्न दोन-चार मार्कांचेच असतात, सोडून द्यायचे. आणि हे आतूनच यावं लागतं, शिकवता येत नाही." वर्षाचे 6,000 रुपये आम्ही त्या क्लासला भरले होते. जी गोष्ट शिकवता येत नाही असं शिकवणाराच म्हणतो, तिच्यासाठी गरीब माणसानं कुठं जायचं? शहरातल्या पोरांना घरी गोष्टीची पुस्तकं असतात, त्यांना ते 'आतून' येतं. माझ्या पोरीच्या आत काही कमी आहे, हे मी मानायला तयार नव्हते. परतीच्या गाडीत मी बोललेच नाही.

मग मी माझ्या अकलेनं सुरू केलं आणि पहिले तीन आठवडे वाया घालवले. मला वाटलं, जास्त उतारे सोडवले की जमेल. दुकानातलं गाइड आणलं, बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिका मोबाईलवर उतरवल्या. रोज रात्री एक उतारा. पण गाइडच्या मागं नुसतं उत्तर छापलेलं, ते उत्तर कसं आलं ते कुठंच नाही. पोरगी चुकायची, मागं बघायची, बरोबर उत्तर वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच चुकायची. वीसेक उतारे झाले असतील. एकदा तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आई, मले नाई जमत. सर म्हणतात तसं सोडून देतो." त्या रात्री मशीनवर बसले, पण माझ्या हातून एक शिवण सरळ आली नाही.

सुटका झाली ती सासूबाईंमुळे, आणि त्यांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. लेक संध्याकाळी गाडीवरून उतरून घरी आली. सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "आज तरी गाडी टायमावर आली वाट्टे." लेक लगेच फणकारली, "रोज कुठी उशिरा येते आजी? सोमवारीच तं टायमावर आल्ती."

मी चुलीपाशी होते, तशीच बाहेर आले. म्हटलं, "आजी 'रोज उशिरा येते' असं म्हणाली का?"

लेक थांबली. "नाई."

"मंग तू भांडली कायच्यावर?"

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिनं 'आज तरी' म्हटलं ना."

हेच ते. जे लिहिलेलं नाही, ते तिनं एका 'तरी' वरून अर्ध्या क्षणात ओळखलं होतं आणि त्यावर भांडलीसुद्धा होती. म्हणजे ते तिच्या आत होतंच. फक्त इंग्रजीचं पान समोर आलं की ती ओळ शोधायला लागायची आणि असले बारीक शब्द धूळ झटकावी तसे झटकून टाकायची.

त्या दिवसापासून आम्ही पंधरा दिवस इंग्रजी बंद ठेवलं. हा माझा सगळ्यात मोठा सल्ला आहे, आणि दहावीच्या वर्षात तो घ्यायला छाती लागते हेही मला माहीत आहे. तिचे बाबा घाबरले होते. आम्ही नुसती मराठी वाक्यं घेतली, घरातली, रस्त्यावरची. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडं 'काय म्हटलं', उजवीकडं 'न म्हणता काय कळलं'.

'तिनं या वेळी पैसे मोजून घेतले.' म्हणजे मागच्या वेळी मोजले नव्हते, आणि बहुतेक कमी भरले होते. 'मास्तरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.' म्हणजे मास्तर सहसा वाजवत नाहीत. 'दुकान अजून उघडंच होतं.' म्हणजे एव्हाना बंद व्हायला पाहिजे होतं. 'पुन्हा वांगीच?' यात तर दोन गोष्टी, काल वांगी होती आणि विचारणाऱ्याला ती नको आहेत. हे तर आमचा धाकटाही ओळखायला लागला.

मग इंग्रजी उघडलं आणि तेच शब्द तिथं हुडकले. अगेन म्हणजे आधी झालेलं आहे. स्टिल म्हणजे एव्हाना बंद व्हायला हवं होतं. इव्हन म्हणजे त्याच्याकडून अपेक्षा नव्हती. धिस टाइम, ॲट लास्ट, नो लाँगर, इन्स्टेड, ओन्ली, दो. ही यादी मी जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आरशाशेजारी लावली. म्हाताऱ्याचा उतारा परत काढला. या वेळी ती 'दो' वर अडली आणि म्हणाली, "आई, कोणी वापरलाच नाई तरी कप धुतला. म्हंजे तो दुसऱ्या कोणासाठी ठेवला व्हता."

मला तेव्हा किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

हार्डली हा शब्द मात्र आठवणीनं वेगळा शिकवा. आमच्याकडं तो 'हार्ड'चा भाऊ समजला जायचा. 'शी हार्डली एट' म्हणजे ती जोरात जेवली असं लेकीनं लिहिलं होतं. अर्थ उलटा आहे, ती जेमतेम जेवली, जवळजवळ नाहीच. तसंच 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. 'अ' नसला की लिहिणारा 'फारच थोडे' म्हणून कुरकुरतोय, 'अ' असला की 'काही तरी आहेत' म्हणतोय. एवढ्याशा 'अ' वर आख्खं उत्तर फिरतं.

आणि मोबाईलवर उताऱ्याचं भाषांतर करून घेऊ नका. आम्ही करून पाहिलं. गोष्ट कळते, पण पुष्कळदा हेच बारीक शब्द त्यात गळतात किंवा भलत्या जागी जाऊन बसतात, आणि आपल्याला तर तेच पाहिजे असतात.

आता वाटेल की झालं. नाही झालं. डिसेंबरात उलटा त्रास सुरू झाला. ओळ शोधणारी पोरगी आता गोष्टी रचायला लागली. म्हाताऱ्याची बायको मेली, मुलगा मुंबईला गेला, त्याला विसरला, असं सगळं ती उत्तरात लिहायची. शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी त्यावर लाल शाईनं 'कशावरून?' एवढाच शब्द लिहिला. मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत, त्यांनी मधल्या सुट्टीत थांबून तिची वही तपासली. तो 'कशावरून?' आम्ही वहीत तिसरा रकाना म्हणून घेतला. उजवीकडं जे लिहिशील त्याच्यापुढं उताऱ्यातले शब्द दाखवता आले पाहिजेत, नाही आले तर खोड.

त्यात मी माझी एक परीक्षा जोडली. हेच शब्द वाचून दुसरा कोणी तेवढंच पटणारं वेगळं कारण देऊ शकतो का? बायको येणार होती म्हणावं तर भाऊ का नाही, जुना मित्र का नाही? मग बायको लिहायची नाही. 'समवन' लिहायचं. कोणीतरी येणार होतं आणि आलं नाही, एवढंच उतारा देतो. त्याच्यापुढं एक पाऊल टाकलं की मार्क जातो. रचण्याची सवय मोडायला ओळ शोधण्याची सवय मोडण्यापेक्षा जास्त दिवस लागले, कारण रचण्यात मजा असते. तिला मी सांगितलं, ते सगळं ए-फाइव्हला लिही, तिथं तुझं मत मागतात.

लिहिण्याचं राहिलंच. उत्तर मराठीत कळलं तरी इंग्रजीत उतरेना, तेव्हा मॅडमनी एक साचा दिला. 'आय थिंक' म्हणून आपला अंदाज, मग 'बिकॉज द पॅसेज सेज' म्हणून उताऱ्यातले चार-पाच शब्द. दोन छोटी वाक्यं, बस. लेक आधी उत्तर वऱ्हाडीत तोंडानं म्हणायची, मग त्या साच्यात बसवायची. मोठं वाक्य लिहायला गेली की काळ चुकायचा.

क्लासमध्ये सांगतात की आधी प्रश्न वाचा, मग उतारा. ए-वनसाठी ते ठीक आहे. पण अंदाजाच्या प्रश्नाला मी तिला उलट करायला लावलं, आधी उतारा पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत. प्रश्न डोक्यात घेऊन वाचलं की डोळे एकच शब्द शोधत पळतात. म्हाताऱ्याचा कप शेवटच्या ओळीत होता, तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती.

रात्री उतारा घेऊ नका, हेही सांगायचं होतं. आमच्याकडं रात्री लाइनीचा भरवसा नाही आणि दिवसभर गाडी-शाळा-क्लास करून पोरं पेंगतात. आम्ही पहाटे पाचला चहाबरोबर घ्यायला लागलो. वीस मिनिटं, एकच उतारा, त्यातला एकच अंदाजाचा प्रश्न. बाकीच्या कृती शाळेत होतातच. पाठ्यपुस्तक फाटलं असेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतं, गाइडला पैसे घालण्याआधी ते बघा.

जानेवारीत शाळेची सराव परीक्षा झाली. अनसीनला 10 पैकी 8. ए-टूचे दोन्ही. तो कागद मी क्लासमध्ये नेऊन दाखवणार होते, लुगड्याच्या घडीत ठेवलाही होता. मग फेब्रुवारीत तुरीची कापणी आली आणि राहिलं.

बोर्डाला तिला इंग्रजीत 100 पैकी 74 आले. गुणपत्रिकेत विषयाचा एकच आकडा येतो, उताऱ्याला किती मिळाले ते त्यावरून कळत नाही. पण पेपरच्या दिवशी गाडीतून उतरल्या उतरल्या ती मला काय म्हणाली ते मला माहीत आहे. म्हणाली, "आई, एक 'स्टिल' व्हता. म्या सोडला नाई."

धाकटा आता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे. त्याला दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 मार्क, आणि समोर पर्याय दिलेले. पर्यायांत पुष्कळदा एक असा असतो की तो खरा वाटतो, पण उताऱ्यात त्याला आधार नसतो. तिथं ताईची तीन रकान्यांची वही तशीच कामी येते. काल त्यानं दोन पर्याय खोडले आणि तिसऱ्यापुढं पेन्सिलीनं 'कशावरून' लिहून माझ्याकडं आणला. मी मशीन थांबवून बघितलं. आधार चौथ्या ओळीत होता, 'ओन्ली' या शब्दात. त्याला अजून सापडला नव्हता. मी सांगितला नाही.