उठणे, उठवणे आणि स्पॅनिशमधलं ‘से’

मंगळवार, रात्री

आज स्पॅनिशमधल्या रिफ्लेक्सिव्ह, म्हणजे ‘से’ (‘स्वतःला’) जोडलेल्या क्रियापदांचा वर्तमानकाळ मोठ्याने म्हणत बसले होते. ‘लेबान्तार्से’ म्हणजे उठणे. मे लेबान्तो, ते लेबान्तास, से लेबान्ता, नोस लेबान्तामोस, ओस लेबान्ताइस, से लेबान्तान. प्रत्यय नेहमीचेच. शेवटचं ‘से’ तेवढं सुटतं, कर्त्याप्रमाणे बदलतं आणि क्रियापदाच्या आधी येतं. ‘ओस’ स्पेनमधलं, लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी ‘उस्तेदेस’ असल्याने तिथेही ‘से’च चालतं.

रूपं पाठ होतात. पण साध्या उठण्यात हे ‘स्वतःला’ कशाला, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत त्याचं उत्तर मिळेना, ते आज मराठीत मिळालं. आपलं मूळ क्रियापद ‘उठणे’. त्यात ‘व’ आला की ‘उठवणे’. बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे तसंच. स्पॅनिशमध्ये सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून होते. ‘लेबान्तार’ म्हणजे उचलणे, उठवणे. ‘सेन्तार’ म्हणजे बसवणे. ‘आकोस्तार’ म्हणजे झोपवणे. आपलं आपण उठायचं, बसायचं, आडवं व्हायचं, तर ‘से’ जोडावं लागतं. हे कळल्यावर ते ‘से’ उपरं वाटेनासं झालं.

‘मे लाबो लास मानोस’, म्हणजे हात धुते. ‘माझे हात’ म्हणायची गरज नाही. आपण तरी कुठे म्हणतो?

मला सगळ्यात आवडतात ती क्रियापदं, जिथे ‘स्वतःला’ हा अर्थ लागूच पडत नाही. ‘इर’ म्हणजे जाणे, पण ‘मे बोय’ म्हणजे ‘निघते मी’. ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे, पण ‘मे दुएर्मो एन एल आउतोबुस’ म्हणजे बसमध्ये माझा डोळा लागतो. ‘कोमेर’ खाणे, तर ‘मे कोमो तोदा ला तोर्तिया’ म्हणजे अख्खी तोर्तिया खाऊन टाकते! निघून जाणे, झोपी जाणे, खाऊन टाकणे: आपण दुसरं क्रियापद जोडून जी छटा आणतो, ती तिथे एवढ्याशा सर्वनामाने येते. व्याकरण शिकताना इतका आनंद मला क्वचितच झालाय.

मूळ बदलणारी क्रियापदंही मोठ्याने म्हटल्यावरच नीट बसली. मे आकुएस्तो, ते आकुएस्तास, से आकुएस्ता, पण नोस आकोस्तामोस. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, मुळावर असेल तर ‘ओ’चा ‘उए’ होतो. ‘आम्ही’च्या आणि स्पेनमधल्या ‘तुम्ही’च्या रूपात तो प्रत्ययावर सरकतो, म्हणून ‘ओ’ तसाच राहतो. कानाला हे आपोआप कळतं, तक्ता बघून नाही.

‘सेन्तार्से’ बसणे आणि ‘सेन्तिर्से’ वाटणे, दोन्हींचं ‘मी’चं रूप एकच, ‘मे सिएन्तो’. ‘मे सिएन्तो आकी’, इथे बसते. ‘मे सिएन्तो बिएन’, मला बरं वाटतंय. ‘तू’ला मात्र ते वेगळे होतात, ते सिएन्तास आणि ते सिएन्तेस.

उद्या ‘बेस्तिर्से’, कपडे घालणे. मे बिस्तो, नोस बेस्तिमोस. तिथे ‘ए’चा ‘इ’ होतो.