आर्मेनियाची गादी, रोमचा मुकुट

खान्देशातल्या माणसाला आर्मेनियाचं दुखणं फार समजावून सांगावं लागू नये. १५०९ साली इथल्या फारुकी सुलतानांच्या गादीसाठी अहमदनगरचा उमेदवार वेगळा, गुजरातचा वेगळा. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा फौज घेऊन थाळनेरला आला आणि आपला आदिल खान बसवून गेला. रोम आणि पार्थिया (इराणातलं तेव्हाचं साम्राज्य) यांच्या कात्रीत सापडलेल्या आर्मेनियात हेच पिढ्यानपिढ्या चाललं.

रोमची ठरलेली युक्ती अशी: राजघराण्यातली मुलं ओलीस म्हणून आणायची, रोममध्ये वाढवायची आणि गादी रिकामी झाली की धाडायची. असाच वाढलेला वोनोनेस पार्थियात परतला, तर शिकारीला जाईना, पालखीतून फिरे, भोवती ग्रीक मंडळी. सरदारांनी हाकलला, मग आर्मेनियात आला, तिथेही टिकला नाही. उलट इ.स. १८ मध्ये रोमन सेनापती जर्मानिकसने आर्मेनियाच्या राजधानीत, अर्ताक्सातात, मुकुट घातलेला झेनो लहानपणापासून तिथल्याच चालीरीतींत मुरलेला. तो मरेपर्यंत गादीवर होता.

एवढं दिसूनही रोमन सम्राट नीरोने इ.स. ६० मध्ये पुन्हा रोममध्ये वाढलेला तिग्रानेस पाठवला. सेनापती कोर्बुलोने त्याच्या दिमतीला १००० लीजन-सैनिक (रोमच्या मुख्य फौजेतले), पायदळाच्या ३ सहायक तुकड्या आणि २ घोडदळ पथकं ठेवली. एवढी कुमक गादी राखण्यापुरती. तिग्रानेसने तिच्या जोरावर शेजारच्या अदियाबेनेवर धाड घातली, आणि ते तर पार्थियाचं मांडलिक! मग पार्थियाचा राजा वोलोगासेस याला स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. ६२ मध्ये आर्मेनियातल्या रांदेयाला रोमन सेनापती पायतस कोंडला गेला आणि आर्मेनिया सोडायचं कबूल करून सुटला.

तोडगा निघाला तो फार शहाणपणाचा होता: राजा पार्थियन घराण्यातला, मुकुट रोमच्या हातून. वोलोगासेसच्या भावाने, तिरिदातेसने, ६३ मध्ये रांदेयालाच नीरोच्या पुतळ्यापाशी मुकुट उतरवला आणि ६६ मध्ये तो घ्यायला इटलीत गेला. सोबत ३००० पार्थियन स्वार, नऊ महिन्यांचा खुष्कीचा प्रवास. नीरोच्या भेटीआधी कट्यार काढून ठेवायला सांगितली, त्याने साफ नाही म्हटलं. पण ती म्यानात खिळ्यांनी ठोकून घेतली आणि मग गुडघे टेकले. दोघांचीही अब्रू राहिली.

ही घडी सुमारे पन्नास वर्षं चालली. मग पार्थियाने रोमला न विचारता आपला माणूस बसवला. त्यांचा पार्थामासिरिस ११४ मध्ये आर्मेनियातल्या एलेगेयाला रोमन सम्राट त्राजानसमोर आला आणि परत मिळेल या भरवशावर त्याने मुकुट पायाशी ठेवला. त्राजानने तो दिलाच नाही, आर्मेनिया रोमचा प्रांत म्हणून जाहीर केला. पार्थामासिरिस लवकरच मारला गेला. तीनच वर्षांत त्राजान वारला, आणि त्याच्यानंतरचा सम्राट हेड्रियन याने प्रांत सोडून तिथे पुन्हा राजा मान्य केला.