दुखायचं थांबलं, मग कॅप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रूट कॅनल पूर्ण झालं की खुर्चीतून उठता उठता दहातले आठ पेशंट हेच विचारतात, "मॅडम, आता दुखत नाही. मग कॅप कशाला?" बिल वाढवतेय की काय, हा संशय सुरात असतोच.

अहो, नस काढली म्हणजे आतून ओरडणारा गेला, एवढंच. दाढ मात्र आधी किडीने आणि मग मी कोरलेली. उरतात चार पातळ भिंती. मधलं भोक बुजवलं तरी कडक घास चावताना त्या बाहेर ढकलल्या जातात. कॅप त्यांना आवळून धरते, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तशी. पुढचा दात फारसा पोखरलेला नसेल, तर मी स्वतःच कॅप नको म्हणते.

"पण चांगला भाग तासता कशाला?" रास्त शंका आहे. कॅपच्या जाडीला जागा नको का? वरून साधारण दीड मिलिमीटर तासावंच लागतं, नाहीतर तोंड मिटताना तीच आधी टेकेल. बसवताना मी निळा कागद चावायला देते. जिथे गडद ठिपका उमटतो तिथे घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा "चावा". केसाएवढा उंचवटाही जिभेला नाही, पण जबड्याला बरोबर कळतो.

झिर्कोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची कॅप दिसायला छान. पण अगदी मागच्या दाढेला मी नुसती धातूची सुचवते. कमी तासावं लागतं. लोक नाक मुरडतात, तो भाग वेगळा. आणि कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. ब्रश सुटत नाही.

एक दाढ मी डबीत जपून ठेवलीय. उभी चिरलेली, चीर थेट मुळापर्यंत. रूट कॅनल मैत्रिणीने केलं होतं, कॅपचं "दिवाळी झाल्यावर बघू" म्हटलं गेलं, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कडबोळं चावताना कट्कन आवाज आला. काढावीच लागली.

परवा एका मावशींना ती दाखवली. त्यांनी डबी उजेडात धरून पाहिली. "कुणाची हो?"

"माझीच."

मावशींनी डबीचं झाकण लावलं आणि पर्समधून डायरी काढली. "शुक्रवारी चालेल?"